एसएनसीयूमधून बाळ घरी येते तेव्हा : रुग्णालय, आशाताई आणि तुम्ही

मुदतीपूर्वी जन्मलेले किंवा कमी वजनाचे बाळ काही दिवस नवजात शिशू अतिदक्षता कक्षात (एसएनसीयू) राहून घरी येते, तेव्हा घरातल्यांना वाटते की धोका टळला. पण अशा बाळाला पहिले काही आठवडे विशेष जपावे लागते. रुग्णालयातले डॉक्टर रोज घरी येऊ शकत नाहीत. तिथे गावातल्या आशाताईंचे काम सुरू होते.

आशाताई काय पाहतात?
रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी गृहभेट ठरलेली असते. त्या बाळाचे वजन व तापमान घेतात, श्वास मोजतात, स्तनपान नीट होते का ते पाहतात. ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवून दिली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये ती देशभर सरकारी कार्यक्रम म्हणून सुरू झाली.

दुवा कुठे तुटतो?
बाळंतीण अनेकदा माहेरी जाते, पण तिची नोंद सासरच्या आशाताईंकडे असते. प्रसूती खासगी रुग्णालयात झाली असेल, तर आशाताईंना कळतेच असे नाही. म्हणून :

- डिस्चार्ज मिळताच, बाळ जिथे राहणार त्या गावच्या आशाताईंना किंवा एएनएम सिस्टरना कळवा.
- डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकत्र ठेवा. प्रत्येक भेटीत दोन्ही दाखवा.
- पुढच्या तपासणीची तारीख आणि कक्षाचा फोन नंबर कार्डावर लिहून घ्या.

डोळ्यांची तपासणी चुकवू नका
बाळ ३४ आठवड्यांपूर्वी जन्मले असेल किंवा जन्मवजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लहान बाळांची त्याआधी. पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कानांच्या तपासणीबद्दलही विचारा.

लगेच रुग्णालयात न्या, जर

- बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल पडले असेल
- अंग तापले असेल किंवा थंड पडले असेल
- शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल
- झटके आले असतील
- तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील

अशा वेळी पुढच्या गृहभेटीची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ वर फोन करा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि वाहतूक मोफत आहे. ती सवलत तुमचा हक्क आहे, निःसंकोच मागा.