किआंतीचे पांढरे रस्ते

इटलीच्या टस्कनी प्रदेशात फ्लॉरेन्स व सिएना या नगरांच्या दरम्यान पसरलेल्या किआंती टेकड्यांतील आणि त्यांच्या दक्षिणेकडील मुलखातील बिनडांबरी खडीचे रस्ते. इटालियन भाषेत त्यांना ‘स्त्रादे बिआंके’ म्हणजे पांढरे रस्ते असे म्हणतात. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा व ओक वृक्षांची वने यांतून चढउतार करीत जाणाऱ्या या रस्त्यांवर १९९७ पासून सायकलस्वारीचा एक विशिष्ट प्रकार रूढ झाला व पुढे त्यास आंतरराष्ट्रीय शर्यतीचे रूप आले. मागासलेपणाची खूण म्हणून ज्या रस्त्यांवर डांबर पडावयाचे होते, ते क्रीडेच्या निमित्ताने जतन करण्याजोगा वारसा ठरले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

भूमी व रस्त्यांची घडण : किआंतीची जमीन मुख्यत्वे दोन प्रकारच्या खडकांपासून बनलेली आहे : ‘गालेस्त्रो’ हा पापुद्र्यांनी फुटणारा मृत्तिकामय खडक व ‘अल्बेरेझे’ हा कठीण चुनखडक. चुनखडकाच्या खडीमुळे रस्त्यांना पांढरट रंग येतो. खडी व बारीक चुरा यांचा थर दाबून बसवावयाचा, रस्त्याचा मध्य किंचित उंच ठेवावयाचा आणि पावसाचे पाणी दोन्ही कडांच्या चरांत उतरवावयाचे, अशी त्यांची साधी रचना असते. चर बुजले की पाणी रस्त्यावरून वाहू लागते व त्यात घळी पडतात. म्हणून असा रस्ता सतत देखभालीवर अवलंबून असतो. सिएनाच्या आग्नेयीस ‘क्रेते सेनेसी’ नावाचा उघड्या चिकणमातीच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथील रस्ते उन्हाळ्यात धुळीने भरतात, तर पावसात त्यांवर निसरडा चिखल होतो.

किआंती क्लासिको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्योत्पादक क्षेत्राचा विस्तार सु. ७०,००० हेक्टर असून त्याचा सु. दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. द्राक्षांसाठी विख्यात असलेला हा प्रदेश प्रत्यक्षात मळ्यांपेक्षा रानाचाच अधिक आहे. प्रवाशाला सरूच्या रांगा असलेली टेकडीची धार, मग मळ्यांचा उतार व त्याखाली दाट झाडी असा क्रम वारंवार आढळतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने १७१६ मध्ये राजाज्ञा काढून किआंतीसह चार मद्योत्पादक क्षेत्रांच्या सीमा निश्चित केल्या. गायोले गावानजीकच्या ब्रोल्यो किल्ल्याचा धनी व इटलीचा पंतप्रधान झालेला बेत्तीनो रिकासोली (१८०९–८०) याने दीर्घ प्रयोगांनंतर १८७२ मध्ये किआंती मद्याचे मिश्रण कसे असावे हे नमूद केले. त्यात संजोवेझे या जातीच्या द्राक्षांना प्रमुख स्थान होते. १९२४ मध्ये राद्दा येथे उत्पादकांचा संघ स्थापन झाला व काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह ठरले.

या कीर्तीचा लाभ जमीन कसणाऱ्यास मात्र बेताचाच मिळे. शेती ‘मेझ्झाद्रिया’ म्हणजे अर्धेली पद्धतीने चाले. जमीन व घर मालकाचे, श्रम कुळाच्या कुटुंबाचे आणि उत्पन्नाची वाटणी निम्मी, असे तिचे मूळ स्वरूप होते. प्रत्येक कुटुंबाचे घर त्याच्या शेतातच असल्यामुळे वस्ती विखुरलेली राहिली. या विखुरलेल्या घरांना मालकाच्या वाड्याशी, चर्चशी, गिरणीशी व बाजारगावाशी जोडणाऱ्या वाटांचे जाळे म्हणजेच आजचे पांढरे रस्ते. धान्य, द्राक्षे व ऑलिव्ह यांच्या बैलगाड्या याच वाटांनी जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची तरुण पिढी कारखान्यांतील रोजगारासाठी शहरांकडे वळली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई झाली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे रोख खंडात रूपांतर करण्याची तरतूद केली. घरे ओस पडली. धान्य व ऑलिव्ह यांच्या मिश्र लागवडीच्या जागी केवळ द्राक्षांचे मळे उभे राहिले. देशात इतरत्र रस्त्यांवर झपाट्याने डांबर पडत असता, ज्या वाटांवर रहदारीच उरली नव्हती त्या तशाच राहिल्या. त्यांचे जतन कोणी हेतुपुरस्सर केले नव्हते. उपेक्षेने त्या राखल्या होत्या.

एरोइका : पुढे जुन्या घरांत शहरी व परदेशी लोक राहावयास आले, पर्यटन वाढले आणि डांबरीकरणाची मागणी होऊ लागली. ती गैरवाजवी नव्हती. धूळ, चिखल व वाहनांची झीज यांचा जाच स्थानिक रहिवाशालाच सोसावा लागतो. तथापि डांबराबरोबर वेगवान रहदारी येते व भूप्रदेशाचे रूप पालटते, हेही तितकेच खरे होते. अशा वेळी जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये गायोले येथे ‘एरोइका’ ही सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी तीत ९२ जण सहभागी झाले. जुन्या सायकलपटूंच्या कष्टांचे स्मरण व पांढऱ्या रस्त्यांचे रक्षण असे तिचे दुहेरी उद्दिष्ट होते.

१९०९ मध्ये सुरू झालेली ‘जिरो द’इतालिया’ ही शर्यत आरंभीची अनेक वर्षे प्रामुख्याने कच्च्या रस्त्यांवरच होत असे. फ्लॉरेन्सनजीक जन्मलेला जीनो बार्ताली (१९१४–२०००) याने ती तीनदा जिंकली, तसेच १९३८ व १९४८ मध्ये ‘तूर द फ्रांस’मध्येही विजय मिळविला. हा काळ इटालियन क्रीडारसिकांच्या स्मृतीत वीरयुग म्हणून राहिला असून ‘एरोइका’ (वीरोचित) हे नाव त्यावरूनच आले. या फेरीत १९८७ पूर्वीच्या धर्तीच्या सायकलीच चालतात. गतिबदलाच्या दांड्या सांगाड्याच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलाबाहेर व पेडलांना पायपट्टे, अशी अट असते. क्रमांकाला महत्त्व नसते. वाटेतील थांब्यांवर भाजी-पावाचे दाट सूप व स्थानिक मद्य मिळते. सर्वांत लांब मार्ग सु. २०९ किमी.चा असून खुणांच्या पाट्या लावून तो कायमस्वरूपी आखण्यात आला आहे. त्यामुळे फेरीच्या दिवसाखेरीज एरवीही सायकलस्वार त्यावरून जाऊ शकतात.

व्यावसायिक शर्यती : एरोइकापासून स्फूर्ती घेऊन ९ ऑक्टोबर २००७ रोजी गायोले ते सिएना अशी व्यावसायिक शर्यत झाली व रशियाचा अलिक्सांदर कोलोब्न्येफ तीत विजयी ठरला. २००८ पासून ती मार्चमध्ये होऊ लागली व पुढे ‘स्त्रादे बिआंके’ याच नावाने प्रसिद्धी पावली. तिचा शेवट सिएनाच्या मध्ययुगीन गल्लीतील तीव्र चढ चढून पियात्सा देल कांपो या चौकात होतो. स्वित्झर्लंडच्या फाबिआन कांचेल्लारा याने २००८, २०१२ व २०१६ असे तीनदा विजय मिळविल्यावर मोंते सांते मारिये हा खडतर टप्पा त्याच्या नावे करण्यात आला. रस्त्याच्या एखाद्या तुकड्याला विजेत्याचे नाव देण्याची ही प्रथा त्या रस्त्याविषयीच्या आस्थेचीही द्योतक आहे. स्त्रियांची शर्यत २०१५ मध्ये सुरू झाली व अमेरिकेची मेगन ग्वार्निअर तिची पहिली विजेती ठरली. १५ मे २०१० रोजी जिरोचा माँताल्चीनो येथे संपणारा टप्पा मुसळधार पावसात झाला. ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल एव्हान्सने तो जिंकला, तेव्हा सर्वच स्पर्धकांचे चेहरे व पोशाख चिखलाने माखून ओळखू न येण्याजोगे झाले होते.

खडीच्या रस्त्यांवरील सायकलस्वारीचा स्वतंत्र क्रीडाप्रकार अमेरिकेत, विशेषतः कॅनझस राज्यात २००६ पासून होत असलेल्या शर्यतीमुळे, वाढीस लागला. त्यासाठी सु. ४० मिमी. रुंदीचे व कमी दाबाचे टायर वापरतात; रुंद टायर खडीवर अधिक पकड घेतो व हादरे शोषतो. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीच्याच व्हेनेतो प्रदेशात झाली. २०२३ मध्ये ती तेथील प्रोसेक्को द्राक्षांच्या टेकड्यांतून नेण्यात आली. या टेकड्यांचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला होता.

मूल्यमापन : सायकलशर्यतींनी किआंतीच्या रस्त्यांना नवा उपयोग व त्याबरोबर नवे मोल मिळवून दिले. आज त्यांच्या सौंदर्याचे जे कौतुक होते, त्यात ज्यांच्या बैलगाड्यांनी ते घडविले त्या अर्धेलकरी कुटुंबांची आठवण क्वचितच असते. वाट टिकली, परंतु जे जीवन तिच्यावरून चालत होते ते टिकले नाही. म्हणून हे रस्ते केवळ क्रीडामार्ग न मानता लुप्त झालेल्या एका कृषिसमाजाचा जमिनीवर उरलेला लेख म्हणून वाचणे अधिक उचित ठरेल.