पदकधारी सैनिकांचीं सहीचीं छायाचित्रें : एक चिकित्सा

हात पाहून कागद ओळखावा, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा होय. शिक्का खरा, कागद जुना, शाई काळवंडलेली, आणि तरीहि अक्षर निराळ्याच हातचें, असे कागद रुमालांतून पुष्कळ निघतात. उलटपक्षीं, कारकुनी मजकुराच्या शेवटीं पेशव्यांच्या स्वदस्तुरच्या दोन ओळी आढळल्या म्हणजे तेवढ्यानें एखाद्या सामान्य पत्राचें मोल दसपट वाढतें. या कसोट्या केवळ मोडी कागदांनाच लागू पडतात असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील पदकधारी जर्मन सैनिकांचीं सह्या असलेलीं छायाचित्रें जमविण्याचा जो छंद पाश्चात्य देशांत बळावला आहे, त्याचीहि छाननी याच कसोट्यांनीं करितां येते. ती करणें पेण, रोहें व माणगांव इकडील संग्राहकांस विशेष अगत्याचें आहे. कारण त्या सैन्याशीं इटलींत समोरासमोर झुंजलेलीं कित्येक माणसें याच मुलखांतलीं होतीं.

जर्मनीनें ‘नाइट्स क्रॉस’ हें पदक १ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे पोलंडवर स्वारी झाली त्याच दिवशीं, स्थापन केलें. पुढें ओकचीं पानें, तलवारी व हिरे अशा त्याच्या चढत्या पायऱ्या झाल्या. तें मिळविणारांची संख्या ७,३०० च्या आसपास भरते. त्याच युद्धांत ब्रिटिशांकडील ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ अवघा १८२ वेळां दिला गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे जर्मन पदकाच्या चित्रांचा बाजार एवढा मोठा कां, याचा निम्मा उलगडा होतो. उरलेला निम्मा प्रचारखात्याच्या पदरीं घालावा लागतो. हिटलरचा छायाचित्रकार हाइनरिख हॉफमान याच्या छापखान्यानें या वीरांचीं पोस्टकार्डें काढलीं. पोरें तीं जमवीत आणि सहीसाठीं पाठवीत. म्हणजे हीं चित्रें एका अत्याचारी राजवटीनें स्वतःच्या गौरवासाठीं घडविलेलीं साधनें आहेत. संग्राहकानें तीं साधनें म्हणून ठेवावींत, देव्हाऱ्यांत मांडूं नयेत. रणांगणावरील धाडस खरें असलें तरी तें कोणत्या कार्यासाठीं खर्ची पडलें, हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहत नाहीं.

आतां सहीकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, सही करणारा केव्हां वारला? रणगाड्यांवरील लढवय्या मिखाएल व्हिटमान हा ८ ऑगस्ट १९४४ रोजीं नॉर्मंडींत पडला आणि सेनापति रोमेल १४ ऑक्टोबर १९४४ रोजीं मेला. तेव्हां त्यांची खरी सही या तारखांच्या अलीकडची असूंच शकत नाहीं. याउलट वैमानिक एरिख हार्टमान रशियाच्या कैदेंतून १९५५ साली सुटला व १९९३ पर्यंत जगला. अडोल्फ गालांड १९९६ पर्यंत होता. अशांनीं म्हातारपणीं केलेल्या सह्या विपुल आहेत. त्या अस्सल खऱ्या, पण युद्धकालीन नव्हेत. आणि विकणारा बहुधा हा फरक सांगत नाहीं.

दुसरी कसोटी शाईची. गोळ्याचें पेन बाजारांत सर्रास आलें तें १९४५ च्या अखेरीपासून. मग १९४२ ची म्हणून दाखविलेली सही त्या पेनानें केलेली दिसली तर पुढें बोलावयासच नको. भिंग घेऊन पाहावें: सही छापील असेल तर बहुधा रेघ बारीक ठिपक्यांची दिसते; हातची असेल तर शाई चित्राच्या चकचकीत थरावर बसलेली दिसते व लेखणी जेथें दाबली गेली तेथें ती दाट होते. तिसरी कसोटी कागदाची. अतिनील दिव्याखालीं निळसर पांढरा उजळणारा कागद साधारणपणें १९५० नंतरचा समजावा. चौथी खुद्द चित्राची. पश्चिम जर्मनीच्या १९५७ च्या कायद्यानें हीं पदकें स्वस्तिकाविना वापरण्याची मोकळीक मिळाली व त्या जागीं ओकचीं पानें आलीं. गळ्यांतल्या पदकावर अशीं पानें दिसलीं कीं चित्राचा काळ आपोआप ठरतो. अक्षराचेंहि तसेंच. झ्यूटरलीन नांवाचें जें वळण प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून शिकविलें जाई, तें १९४१ साली सरकारी हुकुमानें बंद झालें. मोडीचा अस्त ज्यांनीं जवळून पाहिला आहे त्यांस यांतील मर्म वेगळें सांगावयास नको: शाळेंतून अक्षर गेलें तरी हातांतून लगेच जात नाहीं.

छापील सही आणि हातची सही यांतील भेद रोह्याच्या वाचकांस घरच्या उदाहरणानें समजेल. चिंतामणराव देशमुख यांचें बालपण रोह्यांत गेलें. १९४३ ते १९४९ पर्यंत ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते व त्या काळच्या नोटांवर त्यांची सही आहे. ती त्यांचीच, पण त्यांच्या हातची नव्हे. तशी नोट संग्रहीं असणें निराळें आणि त्यांचें सहीचें पत्र असणें निराळें.

आतां समोरची बाजू पाहूं. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ ऱ्या पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगननें त्यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्वांस ठार वा जखमी केलें. ते एकटे धांवून गेले. हातबाँब टाकून तोफ व ती चालविणारा निकामी केला, एकास टॉमीगननें टिपलें, आणि काडतुसें बदलण्यास वेळ नसल्यानें तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्यानें ठार केलें. तेथेंच लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्यांनीं ते पडले. वय २२. मृत्यूनंतर त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाहीं. नांव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलें आहे, व माणगांवीं त्यांचा पुतळा आहे. पदक मिळाल्यानंतर सही करावयास ते उरलेच नव्हते. सहीचा बाजार जगलेल्यांचा असतो. याच रेजिमेंटच्या १ ल्या पलटणींतील दुसरे मानकरी, नगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव, यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं जखमी सोबत्यांस पाण्यांतून व सुरुंगांतून वाहून नेलें आणि मग शत्रूच्या तोफा बंद पाडल्या. ते १९८४ पर्यंत हयात होते. त्यांची सही कोणाच्या घरीं असणें अशक्य नाहीं.

पहिल्या महायुद्धाची स्थिति याहून वाईट. कोकणांतील व देशावरील कित्येक गांवांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर गांवांतून किती माणसें गेलीं व किती पडलीं एवढा आंकडा असतो, नांव नसतें. तीं नांवें आतां सांपडावयाचीं तर घरच्या पेटींतल्या कागदांतच: पेन्शनचें पुस्तक, पलटणीचा दाखला, मनिऑर्डरीची पावती, आणि कधीं वर्दींतलें एखादें छायाचित्र. यांवर सहीच्या जागीं पुष्कळदां अंगठा असतो. ‘सही नाहीं’ म्हणून असा कागद कमी लेखणारा संग्राहक मला तरी समजत नाहीं. अंगठ्याचा ठसा हा स्वदस्तुराहूनहि पक्का, त्याची नक्कल करणारा कारकून अद्याप जन्मावयाचा आहे.

कुलाबा जिल्ह्यास १९८१ पासून रायगड म्हणतात. पलटणीच्या कागदांत ‘कुलाबा’ असेंच सांपडेल, शोध घेतांना दोन्ही नांवें पाहावींत. कोकणच्या पावसांत छायाचित्राचा थर फुगून कांचेस चिकटतो, म्हणून चौकटींतील चित्र ओढून काढूं नये. कांचेसकट त्याची नक्कल घ्यावी. मूळ घरच्यांकडेच राहूं द्यावें. घरांतील वडील माणूस नांव, गांव, पलटण व वर्ष सांगेल तें नकलेच्या पाठीमागें मऊ शिसपेनीनें लिहावें, शाईनें नव्हे, आणि सांगणाराचें नांव व लिहिल्याची तारीख त्याखालीं घालावी.