नकाशा हाती घेऊन धावणारे

शर्यत म्हटली की आखलेली वाट डोळ्यांपुढे येते. पण श्रोतेहो, वाटच आखलेली नसेल तर? ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, आजच्या ऑस्लो शहराजवळ, अशी शर्यत झाली. स्पर्धक अवघे ८! हाती नकाशा नि होकायंत्र. नेमलेली ठिकाणे गाठायची, वाट ज्याची त्याने शोधायची. या खेळाला ‘ओरिएंटियरिंग’ म्हणतात. मूळ विद्या लष्करातली.

ती तरुणांपर्यंत नेली स्वीडनच्या मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी. पोरांची धावण्यातली गोडी आटत चालली, ही त्यांची चिंता. म्हणून १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळच्या रानात त्यांनी मोठी शर्यत भरवली.

इथे नुसत्या पायांचे काही चालत नाही. टेकडी चढायची की वळसा घालायचा, हे धापा टाकतच ठरवायचे. चुकीच्या ओढ्याला लागलेला चपळ गडी जितका धावेल तितका लांब जातो! म्हणून हौशी खेळाडू पावले मोजायलाही शिकतो: १०० मीटरला सपाटीवर किती पडतात, चढावर किती. तोंड कुठेही असो, नकाशाची उत्तर तो खऱ्या उत्तरेकडेच धरतो. गुरुजी, आपल्या वर्गातल्या भिंतीवरची उत्तर मात्र कायम छताकडे!