वर बघ!

दौंडच्या माणसाला मुंबई आधी भेटते ती व्ही.टी.च्या फलाटावर. लहानपणी अब्बा मला स्टेशनाबाहेर नेत आणि त्या इमारतीकडे बोट दाखवून एवढंच म्हणत, "वर बघ." फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्याप्रमाणे तिचं काम 1878 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी आमचा दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला. त्याच्या भरावावर 1876-77 च्या दुष्काळातली उपाशी माणसं राबली होती. व्ही.टी. 2004 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. भरावाकडे बोट दाखवून "वर बघ" कोण म्हणणार?

यादीत काय घ्यायचं, यासाठी भांडावं लागतं. मुंबईत नागरिकांच्या संस्था भांडल्या. श्याम चैनानी यांच्या बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपसारख्यांच्या पाठपुराव्याने 1995 मध्ये वारसा नियमावली आली. 2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या परिसरातल्या 94 इमारतींना जागतिक मान मिळाला. पूर्वेला गॉथिक हायकोर्ट आणि विद्यापीठ, पश्चिमेला आर्ट डेको घरं. त्यामागेही रहिवाशांच्या संघटना होत्या. मोठा आनंद झाला.

मला मात्र याच ग्रुपचा हरलेला खटला अधिक जवळचा वाटतो. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, तितकाच सामान्यांच्या घरांसाठी मिळायचा. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. ग्रुप कोर्टात गेला. 2005 मध्ये हायकोर्टात जिंकला, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. आज परळला जाऊन वर बघा, काचच काच दिसेल.

आमच्या शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. कर्नल विल्यम वॉलेस तिथे 1809 मध्ये वारला. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात नोंद आहे, की लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीचं पहिलं धान्य त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून आणत. कबर आणि नैवेद्य हे दोन शब्द एका ओळीत बसवायला मला कवितेतसुद्धा धीर लागला असता! ना समिती, ना नियमावली. गावाने आपलं आपण ठरवलं होतं, काय जपायचं ते.

शिरूर-दौंडच्या टपऱ्यांवर मी चहा पिताना हा विषय काढतो, तेव्हा लोक आधी गाड्या कुठे लावायच्या ते बोलतात. मीही खुर्ची पुढे ओढतो. तेही नगररचनेचंच बोलणं आहे.