पेटी विकत, यादी भाड्याने

निवडणुकांचा इतिहास लिहिणारी मंडळी पुढाऱ्यांविषयी भरभरून लिहितात, पण निवडणुकीच्या अवजारांविषयी चार ओळी खर्ची घालीत नाहीत. वास्तविक अवजार कोणाच्या मालकीचे, या प्रश्नात पुष्कळ राजकारण दडलेले असते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचेच पाहा. १९५१-५२ साली आमचे येलदरी हैदराबाद राज्यात होते. धरण झाले १९६८ साली. तोवर पूर्णा मोकळी वाहत होती. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत त्या वेळी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले, आणि मतदाराने हवी ती पेटी निवडायची. एवढ्या पेट्या आणायच्या कोठून? त्यांतल्या बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या गोदरेज कंपनीने विक्रोळीच्या कारखान्यात केल्या. कंपनी व्यापारीच होती, आणि त्यात गैर काही नव्हते. पैसे घेतले, पेटी दिली, व्यवहार पुरा झाला. निवडणूक आटोपली म्हणून पेटी काही कंपनीकडे परत चालत गेली नाही.

प्रचाराची अवजारे तर याहून मोकळी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमरशेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीने सभा गाजवल्या. पोवाडा ऐकणाऱ्याने तो उचलावा, आपल्या तालुक्याचे नाव त्यात गुंफावे आणि पुढच्या गावी म्हणावा, ही आपली जुनीच रीत. संगणकवाले ज्याला ‘ओपन सोर्स’ म्हणतात ते तत्त्वतः हेच: आज्ञावली उघडी असावी, कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी.

अमेरिकेत २००३ साली हॉवर्ड डीन यांच्या तरुण स्वयंसेवकांनी ‘ड्रुपल’ या खुल्या आज्ञावलीवर प्रचाराचा एक संच उभारला. डीन हरले, पण संच मेला नाही. ‘सिव्हिकस्पेस’ या नावाने तो इतरांच्या कामी आला. उलट तऱ्हा २०१५ च्या डिसेंबरात दिसली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारयाद्या ‘एनजीपी व्हॅन’ या खासगी कंपनीच्या यंत्रणेत होत्या. यंत्रणेत बिघाड झाला, बर्नी सँडर्स यांच्या माणसांनी क्लिंटन यांच्या गोटातली माहिती पाहिली, आणि पक्षाने सँडर्स यांचा प्रवेशच बंद केला. अपराधाची शिक्षा असेल ती असो. पण त्या माणसांना स्वतः जमवलेली माहितीही दिसेना! कोर्टात दावा लागला, तेव्हा दार उघडले.

आपल्याकडे मतदारयादी कोणालाही मिळते, पण छायाचित्रासारखी. तीत नाव शोधावे तर डोळे फुटतात. यंत्राला वाचता येईल अशी यादी द्यावी, ही कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळली. अशा याद्यांतून मतदारांची माहिती उपसली जाईल, ही आयोगाची धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण गंमत अशी, की ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला यादी भरलेले अॅप बाजारात विकत मिळतेच.

आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असे अॅप मी जवळून पाहिले. पोरांनी महिनाभर घरोघर हिंडून त्यात भर घातली: कोण ऊसतोडीला गेला आहे, कोण पुण्याला कामाला, कोणत्या आजीबाईंना आणायला गाडी लागेल, आणि अर्थात कोणत्या घराचा कल कोणीकडे. निकाल लागला, मुदत संपली, अॅप मिटले. पुन्हा उघडायचे तर पुन्हा पैसे. विक्रेत्याने पलीकडच्या पॅनेललाही तेच अॅप विकले होते, असे मागाहून कळले. गावाच्या मनातले गुपित कोणाच्या कपाटात राहिले, ते कोण सांगणार?

विक्रेत्याची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. मतदानाच्या आदल्या रात्री काही अडले तर तो फोन उचलतो. खुल्या आज्ञावलीला मिस्त्री लागतो, आणि मिस्त्रीला पगार. आपले पक्ष मांडवाला, जेवणावळीला, गाड्यांना पैसे काढतात. मिस्त्रीचे नाव काढले की खिसे शिवलेले.

पुढच्या खेपेस पोरांनी माहिती आधी दोनशे पानी वहीत उतरवली आणि मग अॅपमध्ये भरली. काम दुप्पट झाले. वही सध्या सरपंचांच्या घरी, धान्याच्या कोठीमागे आहे.