मुलांचें गाणें आणि मुलांचे श्रम

लहान मूल गाऊं लागलें कीं घरांतील वडील माणसें हातचें काम टाकून ऐकतात, आणि गाणें संपतांच ‘आणखी एक’ असा आग्रह होतो. त्या आग्रहांत मुलाचें कौतुक किती व आपली हौस किती, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. हाच आग्रह लक्षावधि घरांतून एकदम होऊं लागला म्हणजे काय होतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेंतील ‘मिकी माउस क्लब’ ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचा इतिहास पाहावा.

ता. ३ ऑक्टोबर १९५५ रोजीं ‘एबीसी’ ह्या कंपनीनें हा कार्यक्रम सुरू केला. वॉल्ट डिस्ने ह्यांचें ‘डिस्नेलँड’ उद्यान त्याच वर्षीं जुलैंत उघडलें होतें व त्याच्या उभारणीस एबीसीनेंच पैसा पुरविला होता. म्हणजे करमणूक आणि व्यापार ह्यांची गांठ आरंभींच पडलेली होती. सोमवार ते शुक्रवार, मुलें शाळेंतून परतण्याच्या सुमारास, गाणीं, नाच, सर्कस, पाहुणे असा रोज निराळा थाट असे. छातीवर नांव लिहिलेला सदरा व काळ्या वाटोळ्या कानांची टोपी घातलेलीं मुलें एकामागून एक पुढें येऊन आपलें नांव पुकारीत. त्यांचा प्रौढ म्होरक्या जिमी डॉड. कार्यक्रमाचें कूचगीत त्यानेंच रचिलें.

आम्हांस ह्या हजेरींतच कार्यक्रमाचें मर्म दिसतें. एरवीं बालनट अनाथ पोर, राजपुत्र असें कोणाचें तरी सोंग घेतो. हीं मुलें स्वतःच्याच नांवानें उभीं राहिलीं. पाहणाऱ्या मुलांस तीं शेजारचींच वाटलीं, आणि त्यांच्या यशाचें रहस्य हेंच. पण धोकाही येथेंच होता. सोंग उतरवून ठेवतां येतें. स्वतःचें नांव कोठें उतरवून ठेवावयाचें?

अनेट फनिसेलो ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय मुलगी. बरबँक येथील एका नृत्याच्या कार्यक्रमांत डिस्ने ह्यांनीं तिला हेरलें, तेव्हां ती १२ वर्षांची होती. आपलें इटालियन आडनांव बदलावें असें तिच्या मनांत आलें. लोकांस एकदां उच्चार साधला म्हणजे ते हें नांव विसरणार नाहींत, असें सांगून डिस्ने ह्यांनीं तिला परावृत्त केलें. नांवाची किंमत जाणत्याला पुरी ठाऊक होती. १९५९ सालीं कार्यक्रम बंद पडला, तेव्हां एकट्या अनेटचा करार पुढें चालू राहिला. बाकीच्या मुलांच्या वांट्यास निरोप आला.

ह्या मुलांच्या श्रमांस कायद्याचें संरक्षण मुळींच नव्हतें असें नव्हे. चित्रणाच्या दिवशींही त्यांस तीन तास शिकविणें कॅलिफोर्नियांत बंधनकारक होतें. जॅकी कूगन ह्यानें लहानपणीं, चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’ पासून, लक्षावधि डॉलर मिळविले; परंतु वयांत आल्यावर त्यास आई व सावत्र बाप ह्यांजवर फिर्याद करावी लागली आणि हातीं पडले सुमारें सव्वा लाख. त्यावरून १९३९ सालीं कायदा झाला. पण त्यांत पळवाटा राहिल्या, व कमाईवरील पहिला हक्क आईबापांचाच राहिला. मुलाची मिळकत मुलाचीच, व तींतील निदान १५ टक्के त्याच्या नांवें ठेव म्हणून वेगळी ठेवलीच पाहिजे, हें ठरण्यास २००० साल उजाडावें लागलें. ह्या चळवळींत पुढाकार घेणारा पॉल पीटरसन हा पहिल्याच कांहीं आठवड्यांत ‘मिकी माउस क्लब’ मधून काढून टाकलेला मुलगा होता. बालकलावंतांच्या हितासाठीं त्यानें १९९० सालीं संस्था काढली. ज्यास हजेरींतून वगळलें, त्यानेंच पुढें हिशेबाची हजेरी घेतली!

त्या मुलांचें गाणें खोटें होतें असें आम्हीं म्हणत नाहीं. त्यांतील उत्साह खरा होता, आणि तो पाहून किती तरी मुलांच्या संध्याकाळ आनंदांत गेल्या. परंतु गाणें मुलाचें असलें तरी ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार बहुधा मोठ्यांच्याच हातीं असतो. कायदा पैशाची ठेव राखतो. बाळपण राखणें हें घरांतील वडील माणसांचें काम आहे. आपल्या मुलास पाहुण्यांपुढें गावयास बसवितांना त्याच्या चेहऱ्याकडेही एकदां पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.