कल्याणचा आकडा, फुटलेला पत्ता आणि भाच्याचा प्रश्न

(पोस्ट मोठी आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वाचा.)

रविवारी भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. तेरा वर्षांचा आहे, ठाण्याला राहतो. त्याला त्या गोळा करायच्या पत्त्यांच्या खेळाचं वेड आहे. पाकिटं विकत घ्यायची, आत निघतील त्या पत्त्यांतून आपला गड्डा बनवायचा आणि स्पर्धेत खेळायचं. नवा संच बाजारात यायला अजून तीन आठवडे होते, पण त्यातल्या पत्त्यांचे फोटो आधीच मोबाइलवर फिरत होते. त्याच्या गटातल्या दोन मुलांनी त्या फोटोंच्या प्रिंट काढून महिनाभर सराव केला. ह्याने नियम पाळला, संच आल्यावर पाकिटं घेतली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

"मामा, तू सांग, ही चीटिंग आहे की नाही?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न मी आमच्या शहाडच्या चाळीत लहानपणापासून ऐकत आलोय. फक्त पत्ते वेगळे होते.

आधी त्याच्या खेळातलंच एक उदाहरण सांगतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा अशा खेळांतला सगळ्यांत जुना, १९९३ पासूनचा. २०११ साली त्याचा 'न्यू फायरेक्सिया' नावाचा संच यायचा होता. फ्रान्समधल्या एका मासिकाला परीक्षण लिहिण्यासाठी कंपनीने सगळ्या पत्त्यांची यादी आधी दिली होती. लिहिणारा स्वतः अव्वल दर्जाचा स्पर्धक. त्याने ती यादी आपल्या एका जोडीदार खेळाडूला दिली आणि तिथून ती फुटत फुटत सगळ्या जगात गेली. कंपनीने लिहिणाऱ्याला तीन वर्षं आणि त्या जोडीदाराला दीड वर्ष खेळायला बंदी घातली.

गंमत बघा. यादी जगभर फुटली तेव्हा एका अर्थाने सगळे पुन्हा बरोबरीला आले. खरा अन्याय त्याच्या आधीचा, जेव्हा यादी फक्त चार जणांकडे होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. बाहेरगावी गेलं आणि "कल्याणहून आलो" म्हटलं की पानटपरीवरचा एखादा तरी डोळा मिचकावून विचारतो, "मग आज काय आकडा?" देशभर 'कल्याण' हे नाव मटक्याच्या चार्टवर छापलं जातं, त्यामुळे लोकांना वाटतं हा खेळ आपल्या गावचा. तर मंडळी, कल्याण शहराचा त्या नावाशी काही संबंध नाही. ते नाव कल्याणजी भगत या माणसाचं. कच्छमधून १९४१ च्या सुमारास मुंबईला आले, फेरीवर मसाले विकले, किराणा दुकान सांभाळलं आणि १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला. आपण उगाचच साठ वर्षं बदनाम.

पण मटका आकाशातून पडला नाही. त्याच्या आधी कापूस होता.

मुंबई आणि कापूस हे नातं जुनं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या. त्या काळी बातमी बोटीने यायची. दोन दिवस आधी कळलं तो तरला, नंतर कळलं तो गेला. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली आणि आठवड्यांचा फरक तासांवर आला. बातमी आधी कळणं म्हणजेच पैसा, हा धडा मुंबईच्या बाजाराने तेव्हाच गिरवला होता.

पुढे न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होते भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायला लागले. ज्यांनी आयुष्यात कापसाची गाठ बघितली नाही, अशी माणसंही त्या भावातल्या आकड्यांवर पैसे लावायची. ह्याला म्हणायचे आकडा. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशन लागतं ना, ते नाव त्याच कापूस बाजाराची खूण. सरकारलाही हा खेळ चांगला ठाऊक होता. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि जुगाराच्या अड्ड्याच्या व्याख्येत कापूस आणि अफूचा भाव लिहिताना येणारे आकडे, एवढंच काय, रस्त्यावरच्या मोटारींच्या नंबरातले आकडे, हेही घालावे लागले. लोक कशाकशावर पैसे लावत होते ते त्या कलमातच वाचायला मिळतं.

आता नीट बघा, कापसाच्या आकड्यात एक मोठी सोय होती. भाव ठरायचा न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या व्यापाऱ्याला मुंबईत कुणी पंजा लावलाय की सत्ता, ह्याची गंधवार्ता नव्हती. आणि मुंबईत लावणाऱ्याला उद्याचा भाव माहीत नव्हता. दोन्ही बाजू आंधळ्या. जुगार वाईटच, पण त्या अर्थाने खेळ सरळ होता.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणं थांबलं. लोकांना सवय तर लागलेली. मग आकडा आणायचा कुठून? चिठ्ठ्यांवर शून्य ते नऊ आकडे लिहून मडक्यात टाकायचे आणि काढायचे. मडकं म्हणजे मटका. पुढे चिठ्ठ्या गेल्या आणि पत्ते आले. १९६४ मध्ये रतन खत्रीने नियम थोडे बदलून न्यू वरळी मटका काढला. फाळणीनंतर कराचीहून आलेला हा माणूस. भगतांचा खेळ आठवड्याचे सातही दिवस, खत्रीचा सहा दिवस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गड्डीतून तीन पत्ते काढायचे. समजा ३, ५, ६ आले. बेरीज १४, शेवटचा आकडा ४. हा झाला ओपन. नंतर पुन्हा तीन पत्ते, समजा २, ८, ८. बेरीज १८, म्हणून क्लोज ८. जोडी झाली ४८. एक आकडा लागला तर साधारण रुपयाला नऊ, जोडी लागली तर नव्वद. आता आकडा लागायची शक्यता दहात एक आणि जोडीची शंभरात एक. म्हणजे सगळं अगदी सरळ चाललं तरी प्रत्येक रुपयातले दहा पैसे चालवणाऱ्याचे. रोज, न चुकता. वेळाही कापसाच्याच राहिल्या. न्यूयॉर्कची सकाळ ही आपली रात्र, म्हणून खत्रीच्या मटक्याचा ओपनही रात्री आणि क्लोज मध्यरात्रीच्या आसपास. चाळीत आमचे बाबा जेवून व्हरांड्यात बसायचे ते ह्या ओपनसाठी, हे मला फार उशिरा कळलं. आठ आणे, रुपया लावायचे. आई बोलायची नाही, भांडी जोरात आपटायची.

आणि दर आठवड्याला कुणीतरी यायचंच. "दादा, आज आकडा फुटलाय. आतल्या माणसाकडून आलाय. तिर्री फिक्स." बाबा कधी ऐकायचे, कधी नाही. नाही ऐकलं आणि तिर्री आली की दोन दिवस घरात बोलायची सोय नसे. ऐकून बुडाले, ते मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

फुटलेल्या आकड्याची ही चर्चा मी इतकी वर्षं ऐकली आणि सगळ्यांसारखाच एक गोष्ट विसरलो. मटक्यात खरं काय फुटू शकतं? वरून खाली येणारा आकडा एक. पण रोज, हमखास, खालून वर जाणारी माहिती दुसरी. गल्लीतला बुकी चिठ्ठ्या गोळा करायचा, त्याचा हिशेब वरच्याकडे, त्याचा आणखी वर. म्हणजे पत्ते उघडायच्या आधी कुठल्या आकड्यावर किती पैसा बसलाय, हे चालवणाऱ्याच्या बाजूला कळू शकत होतं. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला हे कधीच कळत नव्हतं. पैसे घेणारा आणि आकडा काढणारा एकच झाला, त्या दिवशी खेळाचा तोल गेला. आपण आकडा फुटायची वाट बघत बसलो आणि फुटत होते आपणच.

हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर विश्वास उभा करावा लागला. खत्री पत्ते लोकांसमोर काढायचा, कधी कधी जमलेल्यांपैकीच कुणाला तरी पत्ते उघडायला सांगायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याचं नाव झालं ते ह्यामुळे. त्याच्यावर बेतलेलं पात्र १९७५ च्या 'धर्मात्मा' सिनेमात आलं, आणीबाणीत तो तुरुंगातही गेला. २०२० च्या मे महिन्यात तो वारला तेव्हा पेपरांत बातम्या आल्या त्या मटका किंग म्हणूनच. पण एक फरक समजून घ्या. पत्ते लोकांसमोर उघडणं ही त्या माणसाची पद्धत होती. उद्या त्याने ती मोडली असती तर दाद मागायला कुणाकडे जाणार? धंदाच बेकायदेशीर. राज्य सरकारने १९६९ मध्ये लॉटरी काढली तिथे निदान कायदा होता, छापील तिकीट होतं, सोडत जाहीर होती. मटक्यात फक्त शब्द होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. गिरणगाव हे मटक्याचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. पगार बंद झाले, गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे पोलिसांच्या धाडी वाढल्या आणि मटक्याचा जुना दरारा ओसरला.

ओसरला, संपला नाही. आता माझ्या पोस्टचा खरा विषय.

आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, वय २४, पार्सल पोचवायचं काम करतो. गेल्या महिन्यात त्याची आई रडत आली. पोराने एकतीस हजार घालवले. मोबाइलवर एक ग्रुप. नाव काय, तर 'कल्याण लीक जोडी'. दोन हजार भरा, आजची फुटलेली जोडी घ्या. पहिल्यांदा त्यांनी फुकट एक आकडा दिला, तो लागला. दुसऱ्यांदाही लागला. मग पोराने गाडीच्या हप्त्याचे पैसे भरले.

मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. समजा त्यांच्याकडे हजार माणसं आहेत. शंभर जणांना सांगायचं शून्य, शंभर जणांना एक, असं नऊपर्यंत. काहीही आलं तरी शंभर जणांचा आकडा लागणारच. बाकीचे नऊशे सोडून द्या. त्या शंभरांत पुन्हा तसंच करा. दहा जणांना दोन्ही वेळा बरोबर आकडा मिळतो. ते दहा जण शपथेवर सांगतील की आतून माहिती येते. तू त्या दहातला, बाळा. तिथे लीक वगैरे काही नाही. पोरगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, पण दोनदा लागला होता ना." बाबांचाच सूर.

पोलिसांत जायलाही तो तयार होईना. कारण तक्रार काय लिहिणार, फुटलेला आकडा विकत घेतला आणि तो खोटा निघाला? २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण हे ग्रुप खेळ विकत नाहीत, 'आधी कळल्याचा' भास विकतात. शेवटी मीच त्याला सायबर फसवणुकीचा १९३० नंबर लावून दिला. जुगाराचं काय व्हायचं ते होवो, फसवणूक ती फसवणूक. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर लाजेखातर गप्प बसू देऊ नका. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं.

आणि भाच्याला काय सांगितलं?

सांगितलं, हो रे, चीटिंग आहे. पत्ते आधी दिसले ही त्या पोरांची चूक नाही, फोटो सगळीकडेच फिरत होते. पण आपल्याला आधी कळलंय हे त्यांनी लपवलं, बाकीच्यांना सांगितलं नाही, तिथे चुकलं. खेळ सरळ कधी? एक तर कुणालाच माहीत नको, नाही तर सगळ्यांना एकदम माहीत हवं. मधल्या अवस्थेत नेहमी कुणीतरी लुबाडला जातो. पुढच्या वेळी फोटो आले तर गटातल्या सगळ्यांना दाखव, आणि स्पर्धा घेणाऱ्या दादांना जाऊन विचार की नव्या पत्त्यांबद्दल तुमचा नियम काय. नियम नसेल तर करायला लाव.

त्याने विचारलं, "आणि मला एकट्यालाच आधी कळलं तर?"

म्हटलं, तेव्हा फोन कर मला. आजोबांची गोष्ट पुन्हा सांगेन.

शहाड, मोहने, आंबिवली, उल्हासनगरकडच्या जुन्या लोकांकडे त्या दिवसांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. नावं नका घेऊ, घरं अजून तिथंच आहेत.